वॉकमनचा जनक कोण?

वकिलाच्या खोलीत पक्षकार आला म्हणजे त्याची दृष्टी प्रथम कायदेग्रंथांच्या रांगेवर जाते, आणि ग्रंथ जितके जाड तितका त्याचा विश्वास दृढ होतो, असा आमच्या व्यवसायातील अनुभव आहे. माझ्या खोलीत मात्र त्या ग्रंथांशेजारी एक काचेचे कपाट असून त्यात खिशात किंवा कमरपट्ट्याला बाळगण्याजोगी चौदा जुनी कॅसेट-यंत्रे मांडलेली आहेत. ती पाहून पक्षकाराच्या मुद्रेवर उमटणारा प्रश्न मी आता ओळखू लागलो आहे. नाणी, ताम्रपट, टपालाची तिकिटे यांच्या संग्रहास समाजाने प्रतिष्ठा दिली आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी कारखान्यांतून लाखांनी बाहेर पडलेल्या यंत्रांच्या संग्रहास ती अद्यापि मिळावयाची आहे. हा छंद मला कसा लागला आणि त्या यंत्रांमागे केवढा इतिहास व केवढा झगडा दडलेला आहे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

माझे काका १९८० च्या दशकात आखाती प्रदेशात नोकरीस होते. तिकडे गेलेल्या अनेक गोवेकरांप्रमाणे त्यांनीही एका सुटीत येताना कॅसेट रेकॉर्डर आणला, आणि आमच्या गावच्या देवळात भजनी सप्ताह चालू असता आजोबांनी म्हटलेले अभंग त्यावर मुद्रित करून ठेवले. पुढे आजोबा गेले, काकाही गेले. ती एक कॅसेट तेवढी देवघरातील फडताळात राहिली. पंधराएक वर्षांपूर्वी मी बाजारातून एक नवे, स्वस्त यंत्र आणून ती लावली आणि आजोबांना पेटीची साथ करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांस मुद्दाम ऐकावयास बोलाविले. त्यांनी डोळे मिटून एक अभंग ऐकला आणि म्हणाले, "वकीलबाब, आवाज त्यांचाच, पण स्वर त्यांचा नव्हे. ते आयुष्यभर काळी एकमध्ये गायले. हे तर पांढरी दोनमध्ये चालले आहे."

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कॅसेटमधील फीत ठरलेल्या गतीपेक्षा शेकडा सहा इतकी वेगाने धावली, तर गाणे बरोबर एका अर्धस्वराने वर चढते, आणि त्या स्वस्त यंत्राची गती नेमकी तेवढीच चुकली होती. आजोबांचा आवाज त्यामुळे किंचित तरुण, किंचित घाईचा आणि काहीसा परका वाटत होता. फितीत जपलेला माणूस आपणांस जसाच्या तसा परत मिळावयाचा, तर त्यासाठी खरे बोलणारे यंत्र हवे, ही गोष्ट त्या दिवशी माझ्या ध्यानी आली. तसे यंत्र शोधता शोधता एकाची दोन झाली, दोहोंची चौदा झाली. शोध घेता घेता एका प्रदीर्घ दाव्याचा वृत्तान्तही हाती आला, आणि मग वकील ह्या नात्याने मला तो सोडता येईना. वॉकमन नावाच्या यंत्राचा खरा जनक कोण, हा त्या दाव्याचा विषय होता.

कोणत्याही मिळकतीच्या वादात प्रथम मूळ धारक पाहावा लागतो. येथे मूळ धारक म्हणजे कॅसेट. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधील हॅसेल्ट येथील कारखान्यात लू ऑटेन्स नावाच्या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ती घडविण्यात आली, आणि १९६३ च्या ऑगस्टअखेर बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. तोवर टेपरेकॉर्डर म्हटला की उघडी रिळे, हाताने ओवावयाची फीत आणि पेटीएवढे वजन हे समीकरण होते. ऑटेन्स ह्यांनी यंत्राचा आराखडा करण्यापूर्वी आपल्या कोटाच्या खिशात मावेल असा एक लाकडी ठोकळा तयार केला, आणि यंत्र ह्याहून मोठे होता कामा नये असे ठरविले. पुढे वाटेत मोटारीचे चाक बदलताना जॅकखाली आधार म्हणून त्यांनी तोच ठोकळा वापरला व तो कायमचा हरवला, असे सांगतात. ज्या वस्तूवर अब्जावधी कॅसेटींचे माप ठरले ती वस्तू अशी रस्त्यावर राहून गेली, हे वाचून संग्राहकाच्या मनास चुटपुट लागते.

त्या लहानशा डबीतील फीत अवघी ३.८१ मिलिमीटर रुंद असून ती सेकंदास ४.७६ सेंटिमीटर ह्या गतीने सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर फीत गुंडाळलेली असते. तिच्यावर एका बाजूस दोन व दुसऱ्या बाजूस दोन असे चार ध्वनिपट्टे पडतात. एका बाजूचे दोन्ही पट्टे शेजारी-शेजारी ठेवल्यामुळे स्टिरिओ कॅसेट साध्या यंत्रावरही वाजते. आरंभी ही योजना भाषणे व पत्रांचे मजकूर टिपण्याकरिताच होती. संगीतास ती पुरी पडेल असे फारसे कोणास वाटत नव्हते. परंतु ह्या काळात यंत्राइतकीच महत्त्वाची एक कायदेशीर गोष्ट घडली. ग्रुंडिग ह्या जर्मन कंपनीने १९६५ मध्ये आपली वेगळी कॅसेट बाजारात आणली होती, आणि कोणाची पद्धत टिकणार हे अनिश्चित होते. अशा वेळी जपानच्या सोनी कंपनीच्या नोरिओ ओगा ह्यांच्या आग्रहामुळे फिलिप्सने आपल्या कॅसेटचे हक्क इतर उत्पादकांस विनामूल्य देऊ केले. अट इतकीच की माप व रचना कोणी बदलू नये. परिणामी एका देशात मुद्रित केलेली कॅसेट दुसऱ्या कोणत्याही देशातील यंत्रात बसू लागली. आखातात घेतलेली कोरी कॅसेट गोव्यातील देवळात भरली गेली, ह्याचे मूळही त्याच निर्णयात आहे.

ह्यानंतरची पंधरा वर्षे कॅसेट-यंत्रे लहान होत गेली, तरी ती मूलतः रेकॉर्डरच राहिली. वार्ताहरांच्या उपयोगासाठी सोनीने प्रेसमन नावाचा एक छोटा रेकॉर्डर काढला होता. त्याला ध्वनिक्षेपक होता, मुद्रणाची सोय होती, परंतु स्टिरिओ ध्वनी नव्हता. १९७८ मध्ये ह्याच कंपनीने टीसी-डी५ हे उत्तम स्टिरिओ यंत्र काढले, परंतु त्याचे वजन दीड किलोहून अधिक. सोनीचे एक संस्थापक मासारू इबुका ह्यांना दीर्घ विमानप्रवासात संगीत ऐकण्याची आवड होती आणि ते हे जड यंत्र बरोबर नेत. त्यांनी कंटाळून ओगा ह्यांच्याजवळ विचारणा केली : प्रेसमनमधून मुद्रणाचा भाग काढून केवळ ऐकण्यापुरते स्टिरिओ यंत्र करता येणार नाही काय? टेपरेकॉर्डर विभागाचे प्रमुख कोझो ओसोने ह्यांच्या माणसांनी तसे एक यंत्र जुळवून दिले. ते ऐकून इबुका तृप्त झाले व त्यांनी ते दुसरे संस्थापक अकिओ मोरिता ह्यांच्या हाती दिले.

येथून पुढे कर्तृत्व मोरितांचे. फेब्रुवारी १९७९ मध्ये त्यांनी बैठक बोलाविली आणि ह्याच धर्तीचे यंत्र उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी विद्यार्थ्यांच्या हाती पडले पाहिजे, असे बजाविले. ज्यात मुद्रण होत नाही असे टेपचे यंत्र कोण विकत घेणार, ही शंका कंपनीतच अनेकांना होती. तीस हजार नग खपले नाहीत तर आपण अध्यक्षपद सोडू, असे मोरितांनी आपल्या सहकाऱ्यांस बजाविले, असे सांगतात. सुदैवाने कंपनीच्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेत त्याच वेळी सुमारे पन्नास ग्रॅम वजनाचे हेडफोन तयार झाले होते. तत्पूर्वीचे हेडफोन तीनशे ते चारशे ग्रॅम भरत. दोन स्वतंत्र खटपटी अशा एकत्र आल्या. १ जुलै १९७९ रोजी टीपीएस-एल२ ह्या क्रमांकाचा पहिला वॉकमन जपानमध्ये विक्रीस आला. किंमत ३३,००० येन. पहिल्या महिन्यात कसेबसे तीन हजार नग गेले. मग तरुण विक्रेते टोकियोच्या शिंजुकु व गिंझा ह्या गजबजलेल्या भागांत फिरून येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानांना हेडफोन लावू लागले, आणि ऑगस्ट संपता संपता तीस हजारांचा साठा संपला. परदेशांत आरंभी ह्या यंत्रास निरनिराळी नावे देण्यात आली. अमेरिकेत साउंडअबाउट, इंग्लंडमध्ये स्टोअवे, स्वीडनमध्ये फ्रीस्टाइल. परंतु प्रवाशांच्या तोंडी जपानमधील नावच बसले आणि शेवटी कंपनीने ते सर्वत्र स्वीकारले. १९८६ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशातही त्या शब्दास स्थान मिळाले.

हे पहिले यंत्र संग्राहकाच्या दृष्टीने मोठे बोलके आहे. निळे व रुपेरी धातूचे अंग, वजन सुमारे ३९० ग्रॅम, दोन साध्या पेन्सिल-सेलवर चालणारे. ध्वनिक्षेपक नाही, मुद्रण नाही. त्याला हेडफोनसाठी मात्र दोन छिद्रे आहेत, आणि वर एक नारिंगी कळ आहे. ती दाबली म्हणजे संगीत मंद होते व यंत्रातील लहानशा मायक्रोफोनमधून शेजाऱ्याचे बोलणे कानी येते. ह्या दोन सोयींमागील कारण मोरितांनी सांगितले आहे. घरी ते नमुन्याचे यंत्र लावून बसले असता त्यांच्या पत्नीस आपण वगळलो गेलो असे वाटले. तेव्हा एकट्यानेच ऐकत बसणे हे असभ्यपणाचे होईल, अशी त्यांची भावना झाली. आरंभीच्या नगांवर ह्या दोन छिद्रांशेजारी 'गाइज' आणि 'डॉल्स' असे शब्द कोरलेले असत, म्हणजे एक तरुणाचे, दुसरे तरुणीचे. पुढे त्यांच्या जागी 'ए' व 'बी' अशी साधी अक्षरे आली. आज संग्राहक यंत्र हाती घेताच प्रथम हे शब्द पाहतो, कारण त्यावरून नग आधीचा की नंतरचा हे कळते. लोकांनी मात्र ही सौजन्याची सोय फारशी वापरली नाही. प्रत्येकाने आपापले यंत्र घेतले. १९८१ च्या डब्ल्यूएम-२ मध्ये नारिंगी कळ गेली, आणि नंतरच्या बहुतेक यंत्रांत एकच छिद्र उरले. जे गाणे सभामंडपात दाटीवाटीने बसून ऐकावयाचे, ते एकेकट्याच्या कानापुरते झाले. ही क्रांती कोणत्या वर्षी कशी झाली, ते ह्या यंत्रांची छिद्रे मोजून सांगता येते.

ह्यानंतरच्या यंत्रांची वैशिष्ट्ये सांगू लागल्यास हा लेख पुस्तक होईल. म्हणून निवडक सांगतो. १९८३ च्या डब्ल्यूएम-२० चे माप कॅसेटच्या प्लास्टिकच्या वेष्टनाएवढे आहे. आत कॅसेट घालावयाची तर ते थोडे ओढून लांब करावे लागते. ते एकाच सेलवर चालते. त्याच सुमारास पाण्याचे शिंतोडे सहन करणारा पिवळ्या रंगाचा क्रीडा-वॉकमन आला. आयवा कंपनीने मुद्रणाची सोय परत आणली. तोशिबाच्या काही यंत्रांबरोबर कॅसेटच्याच आकाराची एक चपटी रेडिओ-पेटी मिळे, ती कॅसेटच्या जागी बसविली की यंत्राचा रेडिओ होई. फितीचा स्वाभाविक खरखराट कमी करणारी डॉल्बी योजना, कॅसेट न काढता दुसरी बाजू वाजविणारी स्वयंचलित रचना, क्रोम व धातूच्या फितींसाठीची खुंटी, अशी भर पडत गेली. जाणत्यांच्या मते ह्या सर्वांत श्रेष्ठ म्हणजे व्यावसायिक वर्गातील डब्ल्यूएम-डी६सी, जे १९८४ मध्ये आले व पुढे अनेक वर्षे निघत राहिले. त्यात फितीची गती स्फटिकाच्या कंपनांवरून नियंत्रित केली जाते, आणि हवी असल्यास ती हाताने किंचित कमी-अधिकही करता येते.

गतीचे हे प्रकरण संग्राहकाच्या चिंतेचा मुख्य विषय असल्याने थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कॅसेटमधील दोन चक्रे फीत केवळ गुंडाळतात. तिची गती ठरविते ती कॅप्स्टन नावाची सुईसारखी बारीक पोलादी दांडी व तिच्यावर दाबून राहणारी रबरी चकती. मोटारीची शक्ती ह्या दांडीच्या जड चाकाला बहुधा एका रबरी पट्ट्यामार्फत पोहोचते. चाळीस वर्षांत हा पट्टा सैल तरी होतो किंवा वितळून काळा चिकट लगदा तरी होतो, आणि मग आजोबांच्या आवाजाला कंप सुटतो. सोनीच्या डीडी मालिकेत हा पट्टा टाळून चकतीने सरळ चाक फिरविले होते; परंतु तेथे आतील प्लास्टिकचे एक दातेरी चाक कालांतराने तडकते आणि यंत्र टकटक करू लागते. म्हणून यंत्र विकत घेताना रंग व चकाकी पाहून भुलू नये. ते उघडून पाहावे. दुरुस्तीनंतर तीन हजार कंपनांचा सूर मुद्रित केलेली एक चाचणीची कॅसेट लावतात. यंत्राने तीन हजारच दाखविले तर ते खरे; तीन हजार एकशे ऐंशी दाखविले तर ते शेकडा सहाने पुढे धावते, म्हणजे आमच्या त्या स्वस्त यंत्राचाच भाऊ समजावे. मग मोटारीच्या पाठीमागील बारीक स्क्रू केसभर फिरवून ते मापात आणावयाचे. हे काम करताना मला नेहमी सराफाच्या काट्याची आठवण होते.

आता त्या दाव्याकडे वळू. आंद्रेआस पावेल हे १९४५ मध्ये जर्मनीत जन्मलेले व बालपणीच ब्राझीलमध्ये गेलेले गृहस्थ. संगीताचे मोठे शौकीन. चालता-बोलता, डोंगरावर, रस्त्यावर आपल्या आवडीचे उत्तम संगीत बरोबर असावे, ह्या इच्छेने त्यांनी बॅटरीवर चालणारे कॅसेट-यंत्र व हेडफोन ह्यांचा एक संच जुळविला. फेब्रुवारी १९७२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथील रानात, बर्फ पडत असताना, त्यांनी आपल्या मैत्रिणीसह तो प्रथम लावला, असे त्यांचे कथन आहे. त्याला त्यांनी स्टिरिओबेल्ट असे नाव दिले. ग्रुंडिग, फिलिप्स, यामाहा, आयटीटी अशा कंपन्यांची दारे त्यांनी ठोठावली. कानांना हेडफोन लावून रस्त्याने हिंडण्याइतके लोक वेडे नाहीत, असे उत्तर त्यांस मिळाले. शेवटी मार्च १९७७ मध्ये त्यांनी इटलीत पेटंटसाठी अर्ज केला, आणि मागोमाग अमेरिका, जर्मनी, इंग्लंड, जपान येथेही केला. त्यानंतर दोन वर्षांनी वॉकमन बाजारात आला.

सोनीशी त्यांच्या वाटाघाटी सुरू झाल्या त्या १९८० च्या सुमारास. १९८६ मध्ये कंपनीने फक्त जर्मनीपुरते व काही ठरावीक यंत्रांपुरते मानधन देण्याचे मान्य केले. परंतु पावेल हे शोधाचे जनक होत, हे मान्य केले नाही. पावेल ह्यांनी इंग्लंडमध्ये दावा लावला. पेटंटच्या खास न्यायालयाने तो फेटाळला आणि १९९६ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. पावेल ह्यांच्या डोक्यावर तीस लाख डॉलरहून अधिक कर्ज झाले. तरीही हा गृहस्थ खचला नाही. जेथे जेथे आपले पेटंट आहे तेथे तेथे पुन्हा दावे लावू, असे त्याने कंपनीस कळविले, आणि २००३ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. रक्कम गुप्त ठेवण्यात आली. पहिल्या अर्जापासून तोवर सव्वीस वर्षे लोटली होती.

निकालाचे मर्म एका शब्दात होते. केवळ नवी असून वस्तूस पेटंट मिळत नाही. ती त्या विषयातील जाणत्या कारागिरास सहज सुचण्याजोगी नसली पाहिजे. आपल्याकडील १९७० च्या पेटंट अधिनियमातही पेटंट रद्द करण्याचे हे एक कारण सांगितलेले आहे, आणि १९७८ मध्ये विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भांडी कातताना ती पकडून ठेवण्याच्या एका साधनाचे पेटंट ह्याच कसोटीवर टाकाऊ ठरविले. माहीत असलेल्या वस्तूंची कारखान्यात होणारी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हे त्याचे सार. त्याच न्यायाने पाहता पावेल ह्यांची बाजू दुबळी दिसते. कॅसेट १९६३ पासून होती. स्टिरिओ हेडफोन अमेरिकेत जॉन कॉस ह्यांनी १९५८ मध्येच लोकांपुढे आणले होते. बॅटरीवर चालणारे स्टिरिओ कॅसेट-यंत्रही १९७७ पूर्वी मिळत होते. ह्या तिहींची मोट बांधण्यात विशेष ते काय?

अनेक वर्षे माझेही मत हेच होते, आणि वकील ह्या नात्याने तो निकाल आजही मला चुकीचा वाटत नाही. परंतु कपाटातील यंत्रे हाताळताना मनात एक शंका घर करून राहिली. प्रेसमन आणि पहिला वॉकमन मी शेजारी-शेजारी ठेवले आहेत. दोहोंचे अंग पाहिले तर ते सख्खे भाऊ आहेत हे लहान मूलही सांगेल. म्हणजे सोनीनेही मोटच बांधली. ज्या कारणास्तव पावेल ह्यांस शोधक म्हणता येत नाही, त्याच कारणास्तव सोनीलाही म्हणता येणार नाही. आणि गंमत अशी, की ही सहज सुचण्याजोगी गोष्ट पावेल सुचवीत होते तेव्हा चार मोठ्या कंपन्यांतील जाणत्यांस ती पटली नाही. मोरितांनी सांगितली तेव्हा त्यांच्याच विक्री-विभागास ती रुचली नाही. यंत्राचे भाग सर्वांच्या टेबलावर होते. मनुष्य चालताना स्वतःपुरते संगीत ऐकू इच्छील, एवढेच कोणाच्या मनात येत नव्हते. मागाहून सुचलेल्या शहाणपणापासून न्यायाधीशाने सावध राहावे, असे कायदाही सांगतो. पण जी गोष्ट कोट्यवधी लोकांच्या कमरेला लटकताना दिसते, ती एके काळी कोणासही दिसत नव्हती असे मानणे न्यायाधीशासही कठीणच.

मग जनक कोण? न्यायालयास एक तारीख, एक अर्ज आणि एक मालक लागतो; त्यावाचून त्याचे काम चालत नाही. इतिहासावर तसे बंधन नाही. आमच्या गोव्यातील जुन्या गावकरी पद्धतीत जमीन एकट्याची नसे, गावाची असे. बांध घालणे, खाजण राखणे ही कामे गावाची असत, आणि गावकरांस उत्पन्नात वाटा मिळे. वॉकमनची मिळकत ह्याच जातीची आहे, असे मला वाटते. ऑटेन्स ह्यांनी बांध घातला, आणि फिलिप्सने तो सर्वांसाठी मोकळा ठेवला. इबुका ह्यांनी हौस धरली, ओसोने ह्यांच्या माणसांनी हात राबविले, मोरितांनी आपली खुर्ची पणास लावली. आणि पावेल ह्यांनी हे शेत पिकेल असे सर्वांआधी सांगितले, त्याबद्दल वेडेपणाचा शिक्का सोसला व आयुष्याची उमेदीची वर्षे कचेऱ्यांत घालविली. त्यांचा वाटा लहान मानावा की मोठा, ह्यावर मतभेद होऊ शकेल. त्यांस वाटाच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २००३ च्या तडजोडीने कंपनीनेही व्यवहारात ते मान्य केले, असे मी समजतो.

वॉकमनचा काळ आता सरला आहे. वीस कोटींहून अधिक कॅसेट-वॉकमन विकल्यानंतर सोनीने २०१० मध्ये जपानमधील विक्रीसाठी ते पाठविणे बंद केले. २०१४ च्या एका गाजलेल्या अमेरिकी चित्रपटात नायकाच्या हाती टीपीएस-एल२ झळकल्यापासून जुन्या नगांस मागणी वाढली, आणि काही कंपन्यांनी नवी कॅसेट-यंत्रेही काढली आहेत. परंतु स्वस्त नव्या यंत्रांपैकी बहुसंख्यांत एका जुन्या साध्या जपानी रचनेची नक्कल असते, आणि डॉल्बीचे सुटे भाग आता निघत नाहीत. म्हणून खरे बोलणाऱ्या जुन्या यंत्रांची संख्या दिवसेंदिवस घटणारच आहे, आणि ती दुरुस्त करणारे हात त्याहून वेगाने घटत आहेत.

आजोबांच्या कॅसेटचे सांगावयाचे राहिले. डी६सी मापात आणल्यावर मी त्या वृद्ध गृहस्थांस पुन्हा बोलाविले. ते ह्या खेपेस आपली पेटी घेऊनच आले. पहिल्या अभंगास त्यांनी काळी एकवर बोट ठेवले आणि स्वर तंतोतंत जुळला. त्यांनी मान हलविली, पण बोलले काही नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी मात्र स्वर हळूहळू चढू लागला, आणि मुद्रणातील पेटीही त्याबरोबर चढू लागली. पेटी काही आपला स्वर बदलीत नाही. तेव्हा दोष गायकाचा नव्हता. त्या रात्री काकांच्या रेकॉर्डरच्या बॅटऱ्या संपत आल्या होत्या, मुद्रण होताना फीत मंदावली होती, आणि म्हणून आता योग्य गतीने वाजविताना ती पुढे पळत होती. गतीची चकती किंचित मागे फिरविताच आजोबा आपल्या स्वरावर परत आले. पस्तीस वर्षांपूर्वीच्या रात्री सेल केव्हा दमले, ह्याचीदेखील साक्ष फितीने दिली.

आमच्या भागातील अनेक देवळांच्या कचेऱ्यांत, भजनी मंडळींच्या घरी व पुरोहितांच्या फडताळांत अशा कॅसेटी पडून असतील. पावसाळ्यातील दमटपणाने त्यांवर बुरशी चढते, आणि बुरशीची फीत यंत्रात घातली तर दोघांचाही नाश होतो. ज्यांच्याजवळ त्या असतील त्यांनी कॅसेटच्या पाठीवरील दोन लहान प्लास्टिकचे कप्पे आधी मोडून टाकावेत, म्हणजे चुकून पुसले जाण्याचे भय राहत नाही; कॅसेट कोरड्या जागी उभी ठेवावी; आणि कोणत्याही स्वस्त यंत्रात ती घालण्यापूर्वी गती तपासलेले यंत्र बाळगणारा जाणता मनुष्य शोधावा. येत्या सप्ताहापूर्वी ती फडताळे एकवार उघडून पाहावीत, इतकीच विनंती आहे.